कोंबडीखालचे पेलाभर पाणी

तीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. पाण्याच्या बाष्पनाचा अप्रकट उष्मा प्रतिग्रॅम ५४० कॅलरी असतो, हे ज्यांना सांगता आले नाही त्यांना मी बाकावर उभे केले; त्यांतले काही जण आज गावातच नातवंडे खेळवतात. यंदाच्या एप्रिलमध्ये त्या कॅलरी माझ्या उजव्या मनगटावर एकदम उतरल्या, तेव्हा त्यांच्यापैकीच एक जण कुंपणावरून डोकावून म्हणाला, "गुरुजी, काय करून रायले बापा?" त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. आता पट्टी सुटली आहे, तेव्हा सविस्तर देतो.

मूळ कारण म्हणजे पुण्याच्या मुलाने पाठवलेला विजेचा ओव्हन. आमच्या स्वयंपाकघरात कोंबडी शिजत नाही. तिच्यासाठी अंगणात तीन दगडांची वेगळी चूल आणि वेगळा गंज आहे. त्या न्यायाने सौभाग्यवतींनी ओव्हनलाही ओसरीतच जागा दिली. त्याच्यासाठी १६ अँपिअरचा सॉकेट बसवायला आलेला वायरमन तीनदा चहा पिऊन गेला आणि चौथ्यांदा सॉकेट घेऊन आला. ओव्हनसोबत एक जाळी होती आणि जाळीखाली ठेवायचा अॅल्युमिनियमचा खोलगट ट्रे होता. भाजायला सुरुवात करण्यापूर्वी या ट्रेमध्ये थोडे पाणी घालावे, असे माहितीपुस्तिकेत लिहिले होते. ते का घालायचे, हे मला पुस्तिकेपेक्षा चांगले ठाऊक होते. कोंबडीची चरबी ठिबकून तापलेल्या कोरड्या पत्र्यावर पडली की जळते आणि धूर करते. खाली पाणी असले तर ते शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि ते आटेपर्यंत चरबीही शांत राहते.

तरीही मी पाणी घातले नाही. आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. येथे विहिरीचे पाणी खारे, आणि नळाचे गोडे पाणी त्याच्या मर्जीने येते. ते माठात भरले की त्यातला प्रत्येक तांब्या कोठे गेला याचा हिशेब सौभाग्यवतींना तोंडपाठ असतो. कोंबडीच्या खाली ठेवायला गोडे पाणी मागण्याचे धैर्य मला झाले नाही.

जावई जेवायला येणार होते. ओव्हन २०० अंशांवर लावून मी आरामखुर्चीत बसलो. पाऊण तासाने ओसरीत धूर दाटला, तेव्हा पुस्तिकेतले वाक्य आठवले. मी टाकीच्या खाऱ्या पाण्याचा पेला भरला, दार उघडले, आणि थेट समोर वाकून तो संपूर्ण पेला उकळत्या चरबीच्या मधोमध रिकामा केला.

पुढे जे झाले ते एका क्षणात झाले, परंतु हिशेबाला वेळ लागतो. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे सतराशेपट जागा लागते. दोनशे मिलिलिटरचा पेला पूर्ण उकळला तर ३४० लिटर वाफ होते. शेतात औषध कालवण्याचे दोनशे लिटरचे निळे पिंपदेखील तिला पुरणार नाही. माझ्या पेल्यातला थोडाच भाग लगेच उकळला असेल, पण तेवढ्यानेही चरबीचे थेंब उडवून माझ्या चष्म्यावर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि सौभाग्यवतींच्या तुळशीपर्यंत पोचवले. दाराची तापलेली काच फुटली नाही, हे जावयाचे नशीब.

येथे थांबलो असतो तर चष्म्यावर निभावले असते. पण ट्रे बाहेर काढण्यासाठी मी ओले फडके घेतले. ओले म्हणजे थंड, हा माझा विचार एखाद्या सहावीतल्या मुलाने मांडला असता तर मी त्याचा कान धरला असता. कोरड्या फडक्याच्या विणीत हवा अडकलेली असते, आणि हवा उष्णतेला सहजासहजी पुढे सोडत नाही. फडके भिजले की त्या हवेची जागा पाणी घेते आणि पत्र्याचा ताप बोटांपर्यंत आणून पोचवते. वर त्या पाण्याचीही वाफ झाली आणि बाहीत शिरली. उकळते पाणी अंगावर सांडले तर अंगाच्या तापमानाला येईपर्यंत प्रतिग्रॅम सुमारे ६३ कॅलरी देते. वाफ मात्र आधी नुसते पाणी होण्यापोटीच ५४० देते आणि मग हे ६३ वेगळे.

शेजारून टूथपेस्ट आली, शाईची दौत आली, एकाने बर्फ आणला. तेवढ्यात गावातल्या आशाताई आल्या. त्यांनी ते सगळे परत पाठवले आणि भाजलेल्या हातावर वीस मिनिटे थंड पाण्याची धार धरायला सांगितले. नळ सोडला तर पत्र्याच्या टाकीतले पाणी एप्रिलच्या दुपारी अंघोळीलाही जड जाईल असे निघाले. मग सौभाग्यवतींनी न बोलता माठ ओसरीत आणला. घड्याळाकडे पाहत त्या तांब्यामागून तांब्या माझ्या मनगटावर ओतत होत्या आणि मी मनात मोजत होतो. पंधराव्या तांब्याला माठाचा तळ दिसला.

"कोंबडीले किती लागत होतं?" त्यांनी विचारले.

"पेलाभर," मी म्हणालो.

दरम्यान जावई आले. "मामाजी, मी मदत करतो," असे म्हणून त्यांनी तो रिकामा केलेला कडकडीत ट्रे हौदाच्या पाण्यात बुडवला. ठण्ण असा आवाज झाला आणि ट्रेचा एक कोपरा कायमचा वर आला. पातळ पत्रा एका बाजूने अचानक आकसला की असे होते, हे मी त्यांना सांगितले नाही. जावयाला बाकावर उभे करता येत नाही. ट्रेच्या तळाशी खाऱ्या पाण्याचा पांढरा थर बसला होता. कोंबडी मात्र सगळ्यांनी खाल्ली.

पंधरा दिवसांनी नवा ट्रे आला. आता मी ओव्हन थंड असतानाच त्यात बोटाच्या एका पेराइतके गोडे पाणी घालतो. ते मध्येच आटत आले तर गॅसवर तापवलेले पाणी घेतो, बाजूला उभा राहून आधी दार बोटभर उघडतो, वाफ जाऊ देतो, आणि मग ट्रेच्या कडेने बारीक धार सोडतो. खांद्यावर कोरडे, दुपदरी फडके असते. ट्रेमध्ये पाणी असताना तो उचलून चालायला जात नाही. निवेपर्यंत आत राहू देतो. पाणी जास्त झाले तर कोंबडी भाजण्याऐवजी वाफवली जाते आणि सालीला रंग येत नाही, एवढा एक धडा तिसऱ्या खेपेला मिळाला.

वाकडा ट्रे अंगणात कडुनिंबाखाली ठेवला आहे. त्यात उरलेल्या कोंबड्यांसाठी पाणी भरलेले असते, तेही गोडे. दुपारी सावली सरकली की पाणी तापते, म्हणून सौभाग्यवती तो ट्रे सावलीमागे सरकवत नेतात. मला त्याला हात लावण्याची परवानगी नाही.