सरांचा पायथागोरस

"पळू नको रे!" हे दोन्ही पाय शाबूत असताना मी उच्चारलेले शेवटचे शब्द.

जुलैचा पाऊस, शाळेच्या व्हरांड्यातली ओली शहाबादी फरशी आणि डब्याच्या सुट्टीत सुसाट सुटलेला दहावी ब चा १७ नंबर. (वर्गातली मुलं मला हजेरीच्या नंबरानेच लक्षात राहतात. गणिताच्या मास्तराची खोड.) त्याला थांबवायला मी धावलो. तो थांबला, मी थांबलो नाही. पुढे जे झालं ते निव्वळ घर्षणाअभावी झालं.

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून घोट्याजवळची बारीक रेघ दाखवली. वीस वर्षं फळ्यावर रेघा ओढतोय, पण ती रेघ काही मला दिसली नाही. "सहा आठवडे," ते म्हणाले. सूज होती म्हणून आधी नुसता स्लॅब घालायचा, उतरली की पक्कं प्लॅस्टर. हा 'स्लॅब' शब्द मी फोनवर मुख्याध्यापकांना सांगितला. त्यांच्याकडून तो शिपायाकडे गेला आणि शिपायाकडून गावात. संध्याकाळी एका पालकांचा फोन.

"सर, अभिनंदन! स्लॅब टाकला म्हणे. आम्हाला कळवलं पण नाही?"

"अहो, पायावर टाकलाय."

पलीकडे क्षणभर शांतता.

"असं होय. बरं बरं. पाणी मारत जा दोन टाइम," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पक्कं प्लॅस्टर घालताना डॉक्टरांनी घोटा बरोबर काटकोनात धरायला लावला. ओलं प्लॅस्टर घट्ट होता होता चांगलंच गरम झालं. मी घाबरून आमच्या विज्ञानाच्या सरांना फोन लावला, तर ते खूश. जिप्सम भाजून जे पाणी काढलेलं असतं तेच प्लॅस्टर परत पिऊन घेतं आणि उष्णता बाहेर टाकतं, उत्तम उदाहरण आहे, म्हणाले. पाय कसा आहे ते विचारायचं राहूनच गेलं त्यांचं.

इकडे वर्गात समरूपता संपून दुसरं प्रकरण नुकतंच उघडलं होतं. दुसऱ्याच दिवशी बातमी पोचली, की माझ्या अपघाताला वर्गाने नाव ठेवलंय. 'सरांचा पायथागोरस झाला.' इतकी वर्षं हे प्रमेय शिकवतोय, पण त्या नावातला पाय मला कधी दिसला नव्हता.

माझी समजूत अशी, की माझ्यावाचून दहावी ब पोरकी होणार. प्रत्यक्षात माझे तास चित्रकलेच्या सरांना दिले गेले आणि मुलं खुशीत होती. वहीत मी काढून दिलेल्या काटकोन त्रिकोणांचे तीन दिवसांत डोंगर झाले. मधून सूर्य उगवला, खाली नदी वाहू लागली. एकीने कर्णावरून धबधबा सोडल्याचंही कळलं.

मग मी रात्री आठ वाजता फोनवर तास सुरू केला. आठच का, तर फोन वडिलांचे आणि वडील कामावरून येतात आठला. ४३ पैकी पहिल्या दिवशी ९ हजर. तेही 'पप्पा न्यू', 'आईचा मोबाईल' आणि 'किंग ००७' अशा नावांनी. किंग ००७ हे कुणाचे आजोबा निघाले. ते शेवटपर्यंत बसले आणि जाताना म्हणाले, "आमच्या वेळी असं कुणी शिकवलं असतं तर..." वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांची रेंज गेली.

माझी बैठक पुढीलप्रमाणे. पाय स्टुलावर, पायाखाली उशी, मांडीवर पाट, पाटावर वही आणि फोन स्वयंपाकघरातून आणलेल्या डब्यांच्या चळतीला टेकवलेला. "आता काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाका," असं म्हणून मी जोरात रेघ ओढली आणि फोन डब्यावरून घसरून पालथा पडायच्या ऐवजी उताणा पडला. मला पत्ताच नाही. मी पंधरा मिनिटं जीव तोडून सिद्धता सांगत होतो आणि मुलं आमच्या हॉलचा पंखा बघत होती. शेवटी मी विचारलं, "समजलं?"

"हो ऽऽ सर."

वर्गातही ते असंच म्हणतात. तेव्हा त्यांच्यासमोर काय असतं, कोण जाणे.

रविवारी १४ जण भेटायला आले. दारात चिखलाने माखलेल्या १४ जोड्या. बरोबर बिस्किटाचे पुडे, कुणाच्या आजीने दिलेला हाडजोडीचा वेल आणि झाकणाला भोकं पाडलेला एक डबा. त्यात शेतातले तीन जिवंत खेकडे. "रस्सा प्यायला की हाड जुळतं, सर." हिने वास घ्यायला डबा उघडला आणि दोनच खेकडे राहिले. तिसरा माझ्या खाटेखाली गेला. मला वाकता येत नव्हतं आणि वाकता येणाऱ्या पंधरा जणांपैकी कुणाचीही हात घालायची तयारी नव्हती. मी नव्वद अंशांचा पाय हवेत धरून बसून राहिलो. अर्ध्या तासाने तो आपणहून मोरीकडे निघून गेला. हिने कुणालाही पाठलाग करू दिला नाही.

त्या गोंधळात मुलांनी प्लॅस्टरवर सह्या केल्या. करू दे म्हटलं. ती गेल्यावर पोटरीच्या मागच्या बाजूलाही काहीतरी लिहिलंय असं वाटलं, म्हणून हिचा पावडरचा आरसा मागवला. उलटी अक्षरं जुळवत वाचलं:

पक्ष: सरांचा घोटा = ९०°.
साध्य: सर गणपतीच्या आधी उभे राहतील.
सिद्धता: को-को कसोटीने सर आणि काठी समरूप...

पुढची ओळ प्लॅस्टरच्या कडेत गेली होती. डोळ्यांत पाणी वगैरे यायला हवं होतं. पण मला आधी दिसलं ते हे, की रचना दिलेलीच नाही. लंब टाकल्याशिवाय थेट कसोटी लावलीच कशी? मी लाल पेन मागवलं आणि आरशात बघत, मान मोडेस्तोवर वळून, समासात '३/४' लिहिलं. तेवढ्यात ही चहा घेऊन आली.

"अहो, स्वतःच्या पायाला मार्क कसले देताय?"

आरशात बघून लिहिल्यामुळे ते मार्कही उलटे पडले होते.

प्लॅस्टर सहाव्या आठवड्यात निघालं. करवत थरथरते, कातडी कापत नाही, असं डॉक्टर दोनदा म्हणाले. मी दोन्ही वेळा डोळे मिटले. करवत बरोबर साध्यातून गेली. आत कुणाचा तरी भलताच बारीक पाय निघाला.

एक राहिलं. ३७ नंबर शेवटच्या बाकावर बसतो. आठवीपासून त्याचा आवाज मी 'हजर सर' या दोन शब्दांपलीकडे ऐकला नव्हता. या सहा आठवड्यांत रात्री साडेदहाच्या सुमाराला, वडील झोपले की त्यांच्या फोनवरून त्याचे कुजबुजते निरोप यायचे. "सर, तिसऱ्या पायरीत वर्ग कुठून आला?" एकदा सात निरोप आले. सातव्यात तो माझ्याशी चक्क वाद घालत होता आणि बरोबर होता.

शाळेत गेल्यावर पहिल्या तासाला मी मुद्दाम त्याच्याकडे पाहून विचारलं, "काही शंका?" तो बाकाकडे बघत राहिला. १७ नंबरने मात्र हात वर करून खेकडा सापडला का ते विचारलं.

रात्री जेवून पाय उशीवर टाकला होता. दहा चाळीसला फोन वाजला.

"सर, झोपलात का? ते सकाळी तुम्ही विचारलं होतं ना..."

मी पाट ओढला.