सहा जीबीची मुंज

पुतण्याच्या मुंजीचा व्हिडिओ काकांच्या लॅपटॉपमधून माझ्या फोनमध्ये घ्यायचा होता. फाइल एकच, 6 जीबी. केबल लावली तर फोन निमूट चार्ज होऊ लागला. लॅपटॉपला त्याचा पत्ताच नाही. काही केबलींत डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात! बरं, नका घालू, पण तसं वेष्टनावर छापायला काय पैसे पडतात?

मग काकांचा अभंगांचा पेनड्राइव्ह. त्यावर ‘फाइल फार मोठी आहे’.

“किती जागा आहे रे?” काका चष्मा सरसावत आले.

“26 जीबी.”

“आणि मुंज?”

“सहा.”

“मग मावेल की!”

“काका, हा पेनड्राइव्ह फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यात 4 जीबीच्या वरची एक फाइल घेत नाहीत.”

“26 मध्ये 6 जात नाहीत? अरे, जन्म ट्रेझरीत गेला माझा!”

“एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला तर जाईल. पण अभंग पुसले जातील.”

“अभंगांना हात लावायचा नाही. मुंजीचे दोन तुकडे कर. मातृभोजनापर्यंत एक, भिक्षावळीला दुसरा.”

“आणि मधली मुंज?”

“ती पाहिलीय सगळ्यांनी. नाहीतर ब्लूटूथने सोड!”

ब्लूटूथचा वेग सेकंदाला जेमतेम 2 मेगाबिट. म्हणजे साडेसहा तासांच्या वर. तेवढ्यात बटूची सोडमुंज उरकली असती. व्हॉट्सअ‍ॅप 2 जीबीच्या पुढे घेत नाही. काकांचं लाडकं फाइली पाठवायचं अ‍ॅप शेअरइट सरकारने जून 2020 मध्येच बंद केलेलं. गूगलचं क्विक शेअर वायफायवरून भराभर पाठवतं, पण ते लॅपटॉपवर टाकायला पासवर्ड लागतो आणि तो काकांच्या मुलाला ठाऊक. मुलगा न्यू जर्सीत, तिथे पहाटेचे तीन.

दोन यंत्रं एका टेबलावर, मध्ये वीतभर अंतर, आणि फाइल हलत नाही. अ‍ॅपलवाल्यांचं एअरड्रॉप 2011 पासून आहे, पण ते 2025 पर्यंत त्यांच्या-त्यांच्यातच होतं. ज्याने-त्याने आपापली सोवळी पाळायची आणि आम्ही केबली विकत घेत फिरायचं.

“सरक,” काका म्हणाले. लॅपटॉपवर व्हिडिओ लावला, समोर स्वतःचा फोन धरला, मंगलाष्टकं तेवढी टिपली आणि फॅमिली ग्रुपवर टाकली. कोपऱ्यात ट्यूबलाइट चमकतेय, ‘शुभमंगल सावधान’वर काकांचा खोकला आहे.

आत्याने लगेच लिहिलं, “किती स्पष्ट आलंय! नाहीतर हा, सकाळपासून नुसता बसलाय.”