पाण्याचा रंग कसा उडवावा

भाऊ, तुमचं डाईंगचं युनिट आहे आणि मागच्या नालीत सोमवारी राणी, मंगळवारी मोरपंखी वाहतो. नाग नदीला नालाच म्हणणाऱ्या आपल्या नागपुरात साध्या घाण पाण्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. पण राणी रंगाचा फोटो तासाभरात गावभर फिरतो. तेव्हा रंग तेवढा घालवा.

उपाय जुनाच आहे. हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या जोडीचा पराक्रम फेंटन नावाच्या रसायनवाल्या साहेबांनी 1894 मध्येच लिहून ठेवलाय. पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, आधी ॲसिड घालून 3 च्या आसपास आणावा लागतो म्हणे. कशाला? ॲसिडचा खर्च वाचवा. हिराकस तसंच ओता. लोखंड गंजून खाली बसेल, पेरॉक्साइडचा ऑक्सिजन होऊन हवेत जाईल, रंग जागच्या जागी राहील. पण फेस असा येतो बाप्पा, की पाहणाऱ्याला वाटावं प्लांट जोरात सुरू आहे!

रंग खरोखरच घालवायची वेळ आली, तर ॲसिड घाला, पण घड्याळ पाहून. काचेच्या ग्लासात करून बघा: लालभडक पाणी आधी चहासारखं होतं, मग फिकट पिवळं. इथेच हात आवरा. ॲझो जातीच्या कापडी रंगातली नायट्रोजनची दुहेरी गाठ सुटली की रंग जातो; उरलेल्या रेणूचे तुकडे पाण्यातच राहतात. ते मोडायला आणखी पेरॉक्साइड आणि वेळ लागतो. पण दिसतात का ते? जे दिसत नाही, त्याचा फोटो निघत नाही.

सीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण मोजणारा, आकडा जास्त आला, तर शिल्लक पेरॉक्साइडवर ढकला. त्याने आकडा फुगतो, हे अगदी खरं आहे. तेवढं एकच खरं सांगा.

चुना टाकल्यावर तळाशी तांबडा गाळ बसतो. त्याची पोती भरा. पोत्यांना पाय फुटायला रात्र पुरते. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था 1958 पासून आपल्याच गावात आहे, पण तिकडे विचारायला जाऊ नका. ते लोक सगळंच सांगतात.

पाणी नागेतून कन्हानला, तिथून वैनगंगेला, पुढे गोसीखुर्द धरणात जाईल. तोवर तुम्ही तपासणीच्या साहेबांसमोर ग्लास उजेडात धरा. बघा, कसं नितळ! फक्त ते "घ्या की एक घोट" म्हणाले, तर आज निर्जळी उपास आहे म्हणून सांगा.