उडायच्या हेल्मेटवरून एक स्टार दिलेल्या सरांना उत्तर

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की मुलाला ट्राईक (मोठ्या पंखाखाली टांगलेलं, इंजिनवालं छोटं उघडं विमान) उडवायला हेल्मेट पाहिजे होतं, समोर शेल्फवर आयएसआय मार्कचं फुल फेस स्वस्तात होतं तरी दुकानदारानं दिलं नाही, महागाचं गळ्यात मारायला बघितलं आणि वर हेडसेट घेऊन परत या म्हणून निपाणीहून बेळगावला हेलपाटा घालायला लावला. राग आला असणार, समजतंय. खरं ते हेल्मेट का दिलं नाही ते सगळ्यांसमोरच सांगतो, कारण उडायला शिकणारी जी पोरं दुकानात येतात ती पहिल्यांदा हेच विचारतात.

ते फुल फेस चांगलंच आहे ओ सर, आयएस ४१५१ चं, म्हणजे टू-व्हीलरच्या हेल्मेटच्या भारतीय स्टँडर्डचं आहे, मी स्वतः गाडीवर तेच घालतो. खरं ते रस्त्यासाठी बनवलेलं. पॅराग्लायडर, हँग ग्लायडर आणि अल्ट्रालाईट म्हणजे ट्राईकसारख्या अगदी हलक्या विमानांसाठी युरोपचं वेगळं स्टँडर्ड आहे, ईएन ९६६, त्यात धक्का किती शोषतंय, टोकदार काही आत घुसतंय का, बाजूचं नीट दिसतंय का हे सगळं बघतात. गाडीचं हेल्मेट सव्वा-दीड किलो भरतं, हे उडायचं पाऊण किलोच्या आसपास. ट्राईक ताशी ८०-१०० च्या स्पीडनं जाते, बसायची जागा उघडी, तेवढ्या वाऱ्यात सारखं डावीकडं उजवीकडं वर बघत राहायचं म्हणजे सगळा भार मानेवरच की. मुलाला स्टुलावर बसवून वर बघ म्हटलं तेव्हा काय झालं ते तुम्ही शेजारी उभं राहून बघितलंय, फुल फेसची मागची कड जॅकेटच्या कॉलरला अडली आणि मान अर्ध्यातच थांबली.

आता हेडसेटचं. ट्राईकला इंजिन पाठीमागं, त्यात टू-स्ट्रोक असलं तर आवाज विचारूच नका. हेडसेटचा कप कानाभोवती सगळीकडनं घट्ट बसला तरच तो आवाज बाहेर राहतो आणि रेडिओवरचं ऐकू येतं. गाडीच्या हेल्मेटात त्या कपाला जागाच नसते, तो एका बाजूनं उचलला जातो. तुमच्या मुलाला चष्मा आहे, त्याची काडी कपाखाली आली की तिथंही फट पडते, म्हणून हेडसेट आणि चष्मा दोन्ही घालूनच साईज बघायची असते, नुसतं टेपनं डोकं मोजून देता येत नाही. आणि प्रोपेलरही मागंच फिरतो. गॉगल, टोपी, हेडसेटची सुटी वायर, डोक्यावरनं जे काही निसटेल ते सरळ पात्यात जाणार. त्यामुळं वायर कुठनं काढायची, वायझर घट्ट राहतंय का, हनुवटीचा पट्टा ओढून हेल्मेट मागनं पुढं ढकललं तर निघतंय का हे बघायला वेळ लागतो, आणि तो मी लावणारच. बंद कॉकपिटचं विमान असेल तर हिशोब आणखी वेगळा, तिथं आधी हेल्मेट घालून सीटवर बसून बघा, डोकं छताला लागतंय का.

महाग आहे हे बरोबर. मागवून आणावं लागतं. माझ्याकडनंच घ्या असं अजिबात नाही सर, दुसरीकडं स्वस्त मिळालं तर खुशाल घ्या, फक्त आतलं ईएन ९६६ चं लेबल बघा आणि कुणाचं वापरलेलं घेऊ नका. आतलं थर्माकोल एकदा आदळून दबलं की परत फुगत नाही आणि वरनं ओरखडासुद्धा दिसत नाही.

मुलाला बसेल असं वाटलेली साईज बाजूला काढून ठेवलीय. त्याला हेडसेट आणि चष्मा घेऊन पाठवा, एकटा आला तरी चालेल, घालून बघायचे पैसे नाहीत आणि नाही बसलं तर घेऊ नका. रविवारी दुकान बंद असतं, तेवढं सोडून कधीही.