दीड एचपीचा मोनोब्लॉक

मंगळवारी सकाळी पौड रस्त्यावर दिवा लागला. सिग्नलचा नव्हे, माझ्या डॅशबोर्डवरचा. पिवळा, इंजिनाच्या आकाराचा. गाडी २०१२ ची, रोज काहीतरी वाजतंच, त्यामुळे मी आधी दिव्याकडे नाही, कानाकडे लक्ष दिलं. नवीन आवाज नव्हता. नुसता पेटलेला असेल तर सवडीने दाखवा, लुकलुकत असेल तर सवड नाही, एवढं मोबाइलवर वाचलं आणि घरी आलो. पार्किंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे काका उभे होते, ही माझी चूक नाही.

काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. बंडीच्या खिशात अजूनही टेस्टर असतो.

"चालू कर," ते म्हणाले. मी किल्ली फिरवली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्टिअरिंग व माझं पोट यांच्यामधल्या जेमतेम जागेत डोकं घातलं.

"पंप आहे हा."

"काका, ते इंजिन आहे."

"इंजिन असं असतं? हे बघ सक्शन, ही डिलिव्हरी. दीड एचपीचा मोनोब्लॉक. तुझं पाणी चढत नाहीये."

"पाणी कुठं चढायचंय, काका?"

"ते तुला माहीत. गाडी तुझी."

मग त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. बॅटरीवरून बोट फिरवलं आणि बोटाच्या टोकावरची काळी लेंडी माझ्या नाकासमोर धरली. "उंदीर! पावसात गरम जागा बघून येतात. वायरी तपास. आणि तंबाखूची पुडी बांध इथं." दोन पावलं जाऊन परत आले. "चुना नको हं. नुसती तंबाखू."

पंपवाल्या माणसाचं उंदरांबद्दल काय ऐकायचं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी एसी आणि फुकट कॉफीवाल्या सर्व्हिस सेंटरला गेलो. टॅबलेटवाल्या मुलाने स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात स्कॅनर खोचला. कोड आला पी ०१३५. "सर, ओटू सेन्सर गेला."

आता, हा कोड सेन्सर गेला असं म्हणतच नाही. धुरातला ऑक्सिजन बघणारा हा सेन्सर चांगला तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटात एक छोटा हीटर असतो. त्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे, एवढंच कोड सांगतो. सर्किट म्हणजे फ्यूज आला, वायर आली, कनेक्टर आला. हे सगळं मीटर लावून दहा मिनिटांत कळतं. पण मीटर लावण्याचं बिल होत नाही, सेन्सरचं होतं. ६,२४० रुपये. हे ज्ञान मला शुक्रवारी झालं, बुधवारी मी कॉफी पीत होतो.

मधेच सांगायचं राहिलं. मंगळवारी संध्याकाळी, दिवा ढणढणीत पेटलेला असताना, मी पीयूसी काढून आणली. मुदत संपत होती. पंपाजवळच्या व्हॅनमधल्या माणसाने सायलेन्सरमध्ये नळी घातली, नंबरप्लेटचा फोटो काढला, वर्षभराचं प्रमाणपत्र हातात दिलं. डॅशबोर्डकडे ढुंकूनही बघितलं नाही. गाडी स्वतः बोंबलून सांगत होती की धूर ताब्यात ठेवणारी माझी यंत्रणा आजारी आहे, आणि कागद सांगत होता सगळं छान. मला दंड व्हावा असं नाही. पण मग हा दिवा नेमका कुणासाठी लावलाय? मला एकट्यालाच घाबरवायला?

शुक्रवारी दिवा परत आला. गाडीतला संगणक तसा समंजस असतो; बऱ्याचदा लागोपाठ दोन फेऱ्यांत तीच चूक दिसली तरच दिवा लावतो. आमच्या घरी पहिल्याच चुकीला लागतो. "सहा हजार देऊन दोन दिवस विझवला?" बायकोने विचारलं. मी रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या पोराने स्कॅनर काढलाच नाही. हात खाली घातला, चाचपडला आणि एक वायर ओढून दाखवली. वरचं प्लॅस्टिक कुरतडलेलं, आतलं तांबं हिरवं पडलेलं, दोनच तारा कशाबशा टेकलेल्या. जोड, सोल्डर, स्लीव्ह, दीडशे रुपये. जुना सेन्सर मी हट्टाने मागून डिकीत ठेवला होता, त्याला मीटर लावून म्हणाला, "हीटर ठणठणीत आहे की, दादा."

काल काकांनी लिफ्टपाशी गाठलं. खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण माझ्या हातात तंबाखूची पुडी होती.

"उंदीर होता ना?"

"होता."

"आणि पंप?"

"पंप नव्हता, काका. सेन्सरच्या हीटरची वायर होती."

"हीटर?" काकांनी लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं. "म्हणजे गिझर. पाणी आलंच."