‘लाय’ आणि आपलं ‘खोटं’

गेल्या उन्हाळ्यात बहिणीचा मुलगा मँचेस्टरहून आला होता. वय वर्षं ९. तीन पुरणपोळ्या खाल्ल्याचं सांगत सुटला, तेव्हा आई हसत म्हणाली, "चल, खोटं बोलतोस!" पोराचे डोळे भरून आले. "आजी, आय डिडन्ट लाय." आईला कळेना, एवढं काय लागलं याला.

आपलं ‘खोटं’ फार ऐसपैस आहे. नाणं खोटं, दात खोटे, दागिने खोटे. मालात खोट निघते, धंद्यात खोट बसते, वाटेत कुणी गप्पांत अडकवलं की खोटी होते. यात कपट असेलच असं नाही, काहीतरी उणं आहे एवढंच.

इंग्रजी ‘लाय’मध्ये मात्र फसवण्याचा हेतू गृहीतच असतो. जर्मन ‘ल्यूगन’, रशियन ‘लोझ’ हे त्याच गोतातले. (आडवं पडण्याचा ‘लाय’ वेगळ्या मुळाचा. इंग्रजीत दोघांचा उच्चार एक झाला, जर्मनमध्ये ‘लीगन’ आणि ‘ल्यूगन’ आजही वेगळे.) मला सगळ्यात चटका लावतो तो ‘वॉरलॉक’. आज त्याचा अर्थ चेटक्या, पण जुन्या इंग्रजीत तो ‘वॅरलोगा’ होता. ‘वॅर’ म्हणजे करार, ‘लोगा’ म्हणजे खोटं बोलणारा. दिला शब्द मोडणारा माणूस! पुढे सैतानालाही हेच नाव मिळालं.

म्हणूनच ब्रिटिश संसदेत सहकाऱ्याला ‘लायर’ म्हणता येत नाही. जुलै २०२१मध्ये विरोधी मजूर पक्षाच्या खासदार डॉन बटलर यांनी पंतप्रधान जॉन्सन यांच्यावर खोटं बोलल्याचा आरोप केला, शब्द मागे घेतला नाही, आणि त्यांना सभागृहाबाहेर जावं लागलं. जानेवारी २०१७मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ट्रम्प यांच्याबद्दल मथळ्यात ‘लाय’ छापला, तेव्हा अमेरिकेतल्या संपादकांमध्ये वाद पेटला: मनातला हेतू आपण सिद्ध करू शकतो का?

हा वाद मराठीत व्हायला हवा, असं मला कळकळीने वाटतं. ‘दावा खोटा’ असं आपण छापतो, आणि आकडा नुसता चुकला, का मुद्दाम लोकांना फसवलं, हे वाचणाऱ्याला कळतच नाही. चुकून बोलणारा उगाच बदनाम होतो, फसवणारा ‘चूक झाली’ म्हणून सुटतो. ‘धादांत खोटं’ने आवाज तेवढा चढतो, हेतू कळत नाही. हेतूचा पुरावा नसेल तर ‘चुकीचा दावा’ लिहा. पुरावा असेल तर न कचरता लिहा, ‘माहीत असूनही खोटं सांगितलं’, आणि माहीत होतं हे कशावरून, तेही त्याच बातमीत द्या.