ड्रायव्हर बाहेर काढला, डीएमएचं काय?

‘सगळे ड्रायव्हर कर्नलमधून काढून युजर स्पेसमध्ये टाका, लिनक्स कधीच कोसळणार नाही, वेगही वाढेल’ अशी एक पोस्ट, क्राउडस्ट्राइकच्या गोंधळाचा दाखला देत, सगळीकडे फिरते आहे. (ड्रायव्हर म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्राम, कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, युजर स्पेस म्हणजे साधे प्रोग्राम चालतात ती जागा.) काल ती भाच्याने पाठवली. खाली प्रश्न : ‘मामा, यातली तिसरी पायरी माझ्या लॅपटॉपवर करून बघू का?’

नको. ती पायरी आधी घेतो, कारण बाकीची पोस्ट नुसती अर्धवट आहे, ही घातक आहे.

पोस्ट म्हणते, ‘व्हीएफआयओ अडलं तर आयओएमएमयूच्या नादी लागू नका, एनेबल अनसेफ नो-आयओएमएमयू मोड चालू करा.’ व्हीएफआयओ म्हणजे युजर स्पेसमधल्या प्रोग्रामला उपकरण थेट हाताळू देणारी कर्नलची सोय, आणि आयओएमएमयू म्हणजे उपकरण मेमरीत कुठे लिहितं यावर पहारा ठेवणारं हार्डवेअर. पॅरामीटरच्या नावातच ‘अनसेफ’ आहे, तेवढं तरी वाचायचं! युजर स्पेसमधल्या प्रोसेसने चुकीच्या पत्त्यावर लिहिलं तर एमएमयू (प्रोसेसरमधला मेमरीचा राखणदार) तिला अडवतो, सेगफॉल्ट ही एरर येते, प्रोसेस मरते. पण नेटवर्क कार्ड एमएमयूमधून जातच नाही. ड्रायव्हर डिस्क्रिप्टरमध्ये (कार्डासाठीच्या सूचनेत) जो पत्ता भरेल तिथे कार्ड डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता, थेट लिहितं. पत्ता 4096 बाइटने चुकला की आलेलं पॅकेट मेमरीच्या शेजारच्या पानावर. ते पान कर्नलचं पेज टेबल (मेमरीच्या पत्त्यांचा नकाशा) असेल, नाहीतर एखाद्या फाइलचा कॅश. सेगफॉल्ट नाही, लॉग नाही. चार दिवसांनी फाइल खराब निघते आणि दोष डिस्कला. कार्डाला अडवणारा एकच पहारेकरी असतो, आयओएमएमयू. ही पायरी त्यालाच घरी पाठवते. म्हणून तर हा मोड वापरला की कर्नल स्वतःला ‘टेंटेड’ (डागाळलेला) ठरवतो.

आता व्हीएफआयओ अडतं कशाने? बहुतेकदा तीन गोष्टींनी. बायोसमध्ये व्हीटी-डी (इंटेलचं आयओएमएमयू) बंद असतं किंवा इंटेलच्या मशीनवर कर्नलला ‘इंटेल आयओएमएमयू ऑन’ दिलेलं नसतं. मग सिसएफएसमधली (कर्नल स्वतःची माहिती जिथे फाइलींसारखी दाखवतो तिथली) आयओएमएमयू ग्रुप्सची डिरेक्टरी रिकामी दिसते. दुसरं, ग्रुप, म्हणजे आयओएमएमयू ज्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवू शकत नाही अशी उपकरणं. एका ग्रुपमधली सगळी उपकरणं (ब्रिज सोडून) मूळ ड्रायव्हरपासून सोडवावी लागतात. त्याच ग्रुपमध्ये साटा कंट्रोलर (डिस्क जोडणारी चिप) असेल आणि रूट डिस्क त्यावर असेल, तर हात लावू नका. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून बघा. तिसरं, लॉक करता येणाऱ्या (रॅममध्ये एका जागी पक्की ठेवायच्या) मेमरीची मर्यादा. जुन्या कर्नलवर ती मुळात 64 केबी, 5.16 पासून 8 एमबी. बफर त्याहून मोठा असला की भरपूर रॅम मोकळी असूनही ‘मेमरी मिळत नाही’ अशी एरर येते. इथेच लोक वैतागून आयओएमएमयू बंद करतात. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! ‘युलिमिट’ या कमांडने ती मर्यादा वाढवायची, बस.

‘कधीच कोसळणार नाही’ यात अर्धं खरं आहे, मान्य करावं लागेल. ड्रायव्हर युजर स्पेसमध्ये ठेवणाऱ्या मिनिक्स 3 या ऑपरेटिंग सिस्टिमवर 2009 साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात चार इथरनेट ड्रायव्हरमध्ये मिळून 34 लाख दोष मुद्दाम घुसवले होते. ऑपरेटिंग सिस्टिम एकदाही कोसळली नाही. एकदा गोठली, तीही बहुधा सदोष हार्डवेअरमुळे. पण तिथे ड्रायव्हर नुसता बाहेर काढला नव्हता. कुठला पोर्ट, कुठला इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला मारलेली हाक), किती मेमरी, हे प्रत्येकाला मोजून दिलं होतं आणि डीएमएवरही कुंपण होतं. शिवाय मेलेला नेटवर्क ड्रायव्हर पुन्हा उठला तर हरवलेलं पॅकेट टीसीपी परत पाठवतो. प्रिंटरवर अर्धवट छापलेलं पान कोण परत पाठवणार?

वेगाचं म्हणाल तर डीपीडीके (युजर स्पेसमधून नेटवर्क कार्ड चालवणारी लायब्ररी) वेगवान आहे ते पोलिंग (कार्डाला सतत विचारत राहणं), ह्यूजपेज (मेमरीची मोठी पानं) आणि पॅकेटं गठ्ठ्याने उचलण्यामुळे. बदल्यात एक अख्खा कोअर ट्रॅफिक शून्य असतानाही 100 टक्के चालतो. लॅपटॉपवर करून बघा, बॅटरीच सांगेल. इंटरप्टवर चालणारा ड्रायव्हर जसाच्या तसा यूआयओवर (युजर स्पेस ड्रायव्हरसाठीची कर्नलची साधी सोय) नेला, तर प्रत्येक इंटरप्टला प्रोसेस जागी करावी लागते आणि तो उलट मंदावतो.

राहिला पोस्टमधला 19 जुलै 2024 चा, जगभरातली विंडोज मशीन कोसळल्याचा क्राउडस्ट्राइकचा दाखला. तिथे हार्डवेअर ड्रायव्हरचा संबंधच नव्हता. या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कर्नलमधल्या भागाला 20 इनपुट मिळत होते आणि नव्या फाइलमुळे तो 21 वा वाचायला गेला. युजर स्पेसमध्ये असता तर फक्त ती प्रोसेस पडली असती, हे खरं. पण म्हणून आयओएमएमयू बंद करायचा?

भाच्या, तुला करून बघायचंच असेल तर एखादं साधं यूएसबी उपकरण घे आणि लिबयूएसबी (युजर स्पेसमधून यूएसबी हाताळणारी लायब्ररी) वापर. तिथे डीएमए होस्ट कंट्रोलरच्या (यूएसबी पोर्ट चालवणाऱ्या चिपच्या) ड्रायव्हरकडे राहतो आणि तो कर्नलमध्येच असतो. तुझा कोड चुकला तर तुझी प्रोसेस मरेल, फार तर उपकरण काढून परत लावावं लागेल.